सोलापूरचा उन्हाळा आणि घरातला मानसिक रुग्ण : तातडीची वेळ कशी ओळखावी, कशी निभवावी

मार्च उजाडला की आमच्या घरातला एक डबा जागा बदलतो. माझ्या धाकट्या भावाच्या गोळ्यांचा हा स्टीलचा डबा एरवी पत्र्याखालच्या फळीवर, सहज हाताशी येईल असा असतो. उन्हाळ्यात तो आतल्या खोलीत, जमिनीलगतच्या कोनाड्यात जातो, कारण मे महिन्यात दुपारी तीन वाजता त्या फळीवरचा डबा हातात धरवत नाही आणि बहुतेक गोळ्यांच्या पाकिटावर २५ किंवा ३० अंशांच्या आत ठेवण्याची सूचना असते. भावाला द्विध्रुवी विकार (बायपोलर, म्हणजे कधी उन्मादाचा अतिउत्साह, तर कधी नैराश्य) आहे. तो सतरा वर्षांपासून लिथियम घेतो आणि पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात रात्रपाळी करतो. या काळात त्याला पाच वेळा तातडीने दवाखान्यात न्यावे लागले, आणि त्यांतल्या चार वेळा एप्रिल ते जूनच्या पहिल्या आठवड्याच्या दरम्यानच्या होत्या. पुढचा क्रम त्यातून, आणि त्यानंतर डॉक्टरांना विचारलेल्या असंख्य प्रश्नांतून जमत गेला आहे. औषधाचा डोस वाढवणे, कमी करणे किंवा थांबवणे हे मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांचेच काम आहे, आणि या लेखातल्या कोणत्याही वाक्याचा उपयोग त्यासाठी करू नये.

आकडे सोलापुरात कसे वाचावेत

उष्णता आणि मानसिक आजाराची तातडी यांचा संबंध ही आता केवळ घरगुती समजूत राहिलेली नाही. अमेरिकेत २०१० ते २०१९ या काळातल्या, मानसिक त्रासासाठी तातडीच्या विभागात झालेल्या सुमारे ३५ लाख भेटींचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या त्या भागातल्या उन्हाळ्याच्या सर्वांत उष्ण दिवसांत अशा भेटींचे प्रमाण थंड दिवसांच्या मानाने सुमारे ८ टक्क्यांनी जास्त आढळले, आणि त्यांत चिंता, मनःस्थितीचे विकार, स्किझोफ्रेनिया, नशा आणि स्वतःला इजा करून घेणे हे सगळेच प्रकार होते. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात जून २०२१ मधल्या उष्णतेच्या लाटेत ६१९ मृत्यू नोंदले गेले. नंतरच्या पडताळणीत स्किझोफ्रेनिया असलेल्या व्यक्तींचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट दिसला, म्हणजे मधुमेह किंवा हृदयविकार यांच्या बरोबरीने या आजाराकडेही उन्हाच्या दृष्टीने पाहिले पाहिजे.

परदेशातली अंशांची रेषा मात्र जशीच्या तशी उचलू नये. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरात मानसिक आजारांसाठी दाखल होणाऱ्यांची संख्या २६.७ अंशांनंतर वाढू लागते असे आढळले होते, आणि आपल्याकडे तर डिसेंबरातली दुपारही त्याहून गरम असते. शरीर आपापल्या गावाच्या हवेला सरावलेले असते, म्हणून त्या गावाच्या मानाने तापमान किती चढले आणि किती दिवस चढलेलेच राहिले, हे पाहावे लागते. उलट बाजूने, केवळ सरकारी इशाऱ्यावर विसंबूनही चालत नाही. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल, किंवा थेट ४५ अंशांवर गेले, तरच हवामान खाते त्याला उष्णतेची लाट म्हणते. सोलापुरात मे महिन्याची सरासरीच चाळिशीच्या आसपास असल्याने सलग आठ दिवस ४२-४३ अंशांची काहिली झाली तरी कागदावर लाट नसते. आमच्या घरचा नियम साधा आहे. सलग तीन दिवस ४१ च्या वर आणि रात्री पहाटेपर्यंत भिंती गरम राहिल्या, की इशाऱ्याची वाट न पाहता पुढची सगळी काळजी सुरू करायची.

होळीच्या आधीची भेट

तातडी टाळण्याचे सर्वांत मोठे काम फेब्रुवारीत होते, आणि नेमके तेव्हाच रुग्ण बरा असल्यामुळे घरचे लोक दवाखान्याची फेरी टाळतात. या भेटीला जाताना चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटे पिशवीत घालून न्या. त्यात रक्तदाबाची, सांधेदुखीची आणि दुकानातून परस्पर आणलेली औषधेही हवीत.

लिथियम चालू असेल तर रक्तातली पातळी आणि मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी. पातळीसाठीचे रक्त शेवटच्या डोसनंतर साधारण बारा तासांनी, म्हणजे सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचे असते. हे कोणी सांगितले नाही तर आकडा फसवा येतो. दीर्घकाळ चालणाऱ्या उपचारात ही पातळी साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान ठेवली जाते, आणि १.५ च्या पुढे विषबाधेची लक्षणे दिसू लागतात, म्हणजे औषध आणि विष यांच्यातले अंतर फारच थोडे आहे. उन्हाळ्यात घामावाटे पाणी आणि मीठ गेले की मूत्रपिंड मीठ राखून ठेवू पाहते, आणि मिठाबरोबर लिथियमही धरून ठेवते. त्यामुळे गोळ्या तेवढ्याच असूनही रक्तातली पातळी चढते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि रक्तदाबावरची काही औषधे ती आणखी चढवतात. मागावर बारा तास उभे राहणाऱ्याची पाठ दुखणारच, म्हणून कोणती वेदनाशामक गोळी चालेल हे याच भेटीत लिहून घ्यावे. उपवास, रोजा, किंवा रक्तदाबासाठी मीठ एकदम तोडणे यांबद्दलही आधी विचारावे, कारण लिथियम घेणाऱ्याच्या आहारात मीठ आणि पाणी रोज साधारण सारखेच राहणे महत्त्वाचे असते.

स्किझोफ्रेनियासाठीची हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलान्झापीन, क्लोझापीन ही औषधे शरीराची स्वतःला थंड ठेवण्याची व्यवस्था कमी-जास्त प्रमाणात मंदावतात. हातांचा थरथराट आणि स्नायूंचा ताठरपणा येऊ नये म्हणून त्यांच्या जोडीला बहुधा ट्रायहेक्सिफेनिडिल ही छोटी गोळी दिलेली असते, आणि ती घामच कमी करते. घरचे लोक कौतुकाने सांगतात, ‘‘एवढ्या उन्हात याला घामसुद्धा येत नाही.’’ हे चांगले लक्षण नव्हे. ही छोटी गोळी अजून गरजेची आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे, पण ती परस्पर बंद करू नये. ॲमिट्रिप्टिलिनसारखी नैराश्यावरची जुनी औषधेही याच वर्गात येतात.

पाण्याबद्दल एक सावधगिरी. सगळ्यांना एकच माप लावू नका. स्किझोफ्रेनियाच्या काही जुन्या रुग्णांना अतोनात पाणी पिण्याची सवय लागते, आणि वयस्कर माणसांत नैराश्यावरच्या काही गोळ्यांमुळे रक्तातला सोडियम कमी होतो. अशांना आग्रहाने तांब्यामागून तांब्या पाणी पाजणे धोक्याचे ठरते. बाकीच्यांसाठी माठातले पाणी, मीठ घातलेले ताक, ज्वारीची आंबील आणि जुलाब-उलटी झाल्यास ओआरएस पुरेसे आहे. तहान लागण्याची वाट पाहू नये, कारण आजारात आणि औषधांत तहानेची जाणीवच बोथट होते. भाऊ कामावर जाताना दोन लिटरची बाटली नेतो आणि ती सकाळी रिकामी आली का, हे आई न बोलता पाहते. विचारले की तो चिडतो.

रात्र

माझ्या अनुभवात तातडीची वेळ दुपारी सुरू होत नाही. ती तीन-चार रात्रींआधी, झोप तुटण्यापासून सुरू होते. द्विध्रुवी विकारात झोप कमी होणे हे उन्मादाचे लक्षणही असते आणि कारणही, आणि वसंत-उन्हाळ्यात उन्मादाचे झटके वाढतात हे अनेक देशांतल्या नोंदींमध्ये दिसले आहे. सोलापुरात झोप मोडायला कारणे भरपूर आहेत. पत्र्याचे घर मध्यरात्रीपर्यंत तापलेले असते, ऐन वेळी लाईट जाते, आणि काही दिवसांआड येणारे नळाचे पाणी रात्री दीड वाजता आले तर सगळी गल्ली घागरी-बादल्या घेऊन जागी होते. रात्रपाळीच्या कामगाराची तर झोपण्याची वेळच सकाळी आठ ते दुपारी तीन, म्हणजे दिवसाच्या ऐन भट्टीत असते.

यावर करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत, पण त्या ठरवून कराव्या लागतात. घरातली सर्वांत थंड जागा रुग्णाला द्यावी. जुने माळवद (मातीचे सपाट छप्पर) असलेली खोली असेल तर ती, नाहीतर पूर्वेकडची, जिच्यावर दुपारनंतर ऊन येत नाही. पत्र्यावर चुना मारणे किंवा ओली पोती टाकणे याने फरक पडतो. आपली हवा कोरडी असल्यामुळे ओला पंचा अंगावर घेऊन पंख्याखाली झोपण्याचा उपयोग होतो आणि कूलरही चांगला चालतो, पण ४० अंशांच्या वर कोरड्या अंगावर नुसता पंखा फिरवला तर तो गरम हवाच फेकतो. पाणी भरण्याच्या पाळीतून रुग्णाला वगळावे. जमत असेल तर एप्रिल-मेपुरती दिवसपाळी मागून घ्यावी. आमच्या मालकांनी ती दोन वर्षे दिली, तिसऱ्या वर्षी माणसे नव्हती म्हणून दिली नाही, आणि त्याच वर्षी जूनच्या दोन तारखेला भावाला दाखल करावे लागले. यावरून मी नियम काढत नाही, पण पाळीची तारीख वहीत लिहिते.

ही वही म्हणजे शाळेची शंभर पानी वही. तीत रोज चार नोंदी असतात : किती तास झोपला, गोळ्या घेतल्या का, लघवी किती वेळा आणि किती पिवळी, आणि वागण्यात काय वेगळे दिसले. शेवटच्या रकान्यात ‘‘चिडचिड’’ असे मोघम लिहू नये. ‘‘पहाटे तीनला उठून कपाट आवरले’’, ‘‘शेजारच्या काकूंना अरेतुरे केले’’, ‘‘जेवताना भाकरी तशीच हातात धरून बसला’’ असे लिहावे. सलग दोन रात्री चार तासांपेक्षा कमी झोप झाली तर आम्ही तिसरी रात्र उजाडू देत नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करतो. त्यांची वेळ मिळत नसेल तर टेली-मानस या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, आणि मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, हिंदीतही बोलता येते. पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरांसाठी आणि अक्कलकोटकडच्या कन्नड घरांसाठी हे फार मोलाचे आहे, कारण गोंधळलेला माणूस आईच्या भाषेतच नीट बोलतो.

आधी थर्मामीटर

आता मुख्य गोष्ट. उन्हाळ्यात मानसिक रुग्ण अचानक असंबद्ध बोलू लागला, ओळखेनासा झाला किंवा झोकांड्या खाऊ लागला, तर ‘‘जुना आजार उसळला’’ हे शेवटी म्हणायचे वाक्य आहे. ते आधी म्हटल्यामुळे आमचे किती नुकसान झाले असते, ते सांगते.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात भावाला दोन दिवस जुलाब झाले होते, आणि पाठदुखीसाठी त्याने कारखान्याजवळच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या घेतल्या होत्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो चहा प्यायला बसला. कप उचलला की चहा बशीत सांडायचा. त्याने बशी तोंडाला लावली, तर बशीही दातांवर खडखडू लागली. हाताची बारीक थरथर त्याला नेहमीच असते, पण ही मनगटापासूनची मोठी, आचके दिल्यासारखी होती. जीभ जड झाली होती आणि पाय लटपटत होते. शेजाऱ्यांनी शिंदी प्यायला म्हणून नाक मुरडले. ज्या खासगी दवाखान्यात नेले तिथे फाइल पाहून, ताप न पाहता, ‘‘पेशंट जुनाच आहे’’ म्हणून झोपेचे इंजेक्शन दिले गेले. सकाळी तो हाकेला नीट ओ देईना, तेव्हा दुसरीकडे नेले, आणि तिथे रक्तातले लिथियम २.१ निघाले.

म्हणून क्रम असा. काखेत थर्मामीटर लावा. काखेतला आकडा आतल्या तापमानापेक्षा कमी येतो हे लक्षात ठेवा. अंग भाजत असेल आणि माणूस गोंधळलेला किंवा बेशुद्ध असेल तर तो उष्माघात समजून चालावे, मग घाम असो वा नसो. १०८ ला फोन करून गाडी येईपर्यंत सावलीत आडवे करणे, कपडे सैल करणे किंवा काढणे, अंगावर सतत पाणी ओतून वारा घालणे, मान, काखा आणि जांघांत बर्फाची किंवा गार पाण्याची फडकी ठेवणे ही कामे लगेच सुरू करावीत. शुद्ध नीट नसेल तर तोंडाने पाणी पाजू नये, ते श्वासनलिकेत जाते. पॅरासिटामॉलचा या तापावर उपयोग होत नाही.

ताप आहे आणि अंग लाकडासारखे ताठ झाले आहे, हात वाकवायला गेले तर वाकत नाही, असे असेल तर मनोविकारावरच्या औषधांची एक दुर्मीळ पण जीवघेणी प्रतिक्रिया असू शकते. अशा वेळी पुढचा डोस देण्याआधी रुग्णालय गाठावे आणि कोणती औषधे चालू आहेत हे पहिल्याच वाक्यात सांगावे. ताप नाही, पण मोठी थरथर, उलट्या-जुलाब, लटपट आणि जड जीभ आहे, आणि लिथियम चालू आहे, तर रक्तातली पातळी तातडीने तपासायला सांगावी, अगदी आग्रहाने. रोज दारू घेणाऱ्याने उन्हाळ्यात आजारपणामुळे ती अचानक बंद केली आणि दोन-तीन दिवसांत त्याला भास होऊ लागले, तर तीही शारीरिक तातडीच असते. हे सगळे वगळल्यावर, ताप नाही, चालणे-बोलणे स्पष्ट आहे, पण झोप नाही, बडबड थांबत नाही, संशय वाढला आहे किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा आहे, तर मूळ आजाराची तातडी समजावी.

अंगाऱ्याबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांशी मी वाद घालत नाही. अंगारा लावा, पण थर्मामीटर लावून मग. अमावास्या-पौर्णिमेला आजार चढतो ही समजूत बहुतेक अभ्यासांत टिकलेली नाही, एवढे मात्र सांगते.

भडका उडाल्यावर

एकाच माणसाने बोलावे, हळू आवाजात, छोट्या वाक्यांत, आणि रुग्णाच्या दाराकडच्या वाटेत उभे न राहता. ‘‘तुझं डोकं फिरलंय’’ ऐवजी ‘‘दादा, किती उकडतंय, चल, आत ओल्या फरशीवर बसू’’ हे वाक्य आमच्याकडे अधिक वेळा चालले आहे, कारण उकाड्याबद्दल दुमत नसते. सुऱ्या, विळी, गोळ्यांचा साठा आणि गाडीची किल्ली आधीच हलवलेली असावी. दोरीने बांधून आणण्याचा मोह होतो, कारण चार जण मदतीला धावून येतात आणि दोरीच पुढे करतात. पण उन्हात झटापट केलेल्या, घाम न येणाऱ्या शरीराचे तापमान झपाट्याने चढते, आणि साखळीने जखडणे तर कायद्यानेही निषिद्ध आहे.

२९ मे २०१८ पासून लागू असलेला मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ या वेळी उपयोगी पडतो. कलम ९४ प्रमाणे जिवाला धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर कोणत्याही ठिकाणी, नामनिर्देशित प्रतिनिधी (रुग्णाने आपल्या वतीने निर्णयासाठी नेमलेली व्यक्ती) हजर असल्यास त्याच्या संमतीने, तातडीचे उपचार सुरू करू शकतो, आणि ही मुभा ७२ तासांपर्यंत असते. म्हणून ‘‘मानसोपचारतज्ज्ञ सोमवारी येतील’’ हे उत्तर मुकाट्याने ऐकून परत फिरू नये. प्रतिनिधीचे नाव रुग्णाने बरा असताना साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा केला तरी पुरते; हे कामही फेब्रुवारीतच उरकावे. रुग्ण रस्त्यावर भटकत असेल किंवा कोणाला इजा होण्याची भीती असेल तर ११२ वर पोलिसांना बोलवावे. कलम १०० नुसार पोलिसांनी त्याला कोठडीत न ठेवता, जास्तीत जास्त २४ तासांत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे असते. आत्महत्येचा प्रयत्न झाला असेल तर गुन्हा दाखल होईल या भीतीने दवाखाना लांबवू नये. कलम ११५ प्रमाणे ती व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिच्यावर खटला चालवला जात नाही.

दवाखान्यात

सोलापुरात आपण ज्याला सिव्हिल म्हणतो ते छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे. शारीरिक आणि मानसिक दोन्ही तपासण्या एकाच आवारात होणे हा त्याचा मोठा फायदा आहे, आणि उन्हाळ्यात मी तो आधी पाहते. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी आपल्याला जवळचे येरवड्याचे, सुमारे अडीचशे किलोमीटरवर. तापलेल्या, गोंधळलेल्या रुग्णाला तपासल्याशिवाय भर दुपारी जीपमध्ये घालून तेवढा प्रवास करू नये. तालुक्यात असाल तर आधी तिथल्या सरकारी रुग्णालयात ताप, रक्तदाब आणि साखर पाहून घ्यावी.

बरोबर न्यायच्या पिशवीत वही, औषधांची पाकिटे, जुने अहवाल, आधार कार्ड, प्रतिनिधीचा कागद, पाणी आणि एक ओला पंचा असावा. रुग्ण तेलुगू किंवा कन्नड बोलणारा असेल तर ती भाषा येणारा एक जण शेवटपर्यंत थांबावा. डॉक्टरांना सांगताना सुरुवात आजाराच्या नावाने करू नका. ‘‘तीन दिवस जुलाब, काल ही वेदनाशामक गोळी, आज सकाळपासून बोलणे जड, आणि लिथियम चालू आहे’’ असे घडलेल्या क्रमाने सांगितले की ऐकणाऱ्याचे लक्ष शरीराकडे आधी जाते.

घरी सोडल्यावर पहिले दोन आठवडे नाजूक असतात. नवी गोळी, नवा डोस आणि बाहेर तोच उकाडा. पुढच्या रक्ततपासणीची तारीख निघण्याआधीच लिहून घ्यावी.

पाऊस पडल्यावर

मृगाच्या सरींनी हवा उतरते आणि घरात सगळ्यांचाच जीव भांड्यात पडतो, पण वही जूनअखेरपर्यंत चालू ठेवावी. उष्णतेचा परिणाम पुढे काही दिवस रेंगाळतो, आणि उन्हाळ्यात पाणी-मीठ बदललेले असल्याने लिथियमची पातळी एकदा पुन्हा पाहिलेली बरी. शेतकरी घरांत याच सुमारास पेरणीची ओढाताण सुरू होते, आणि कीटकनाशकांचे डबे घरात येतात. ते कुलपात ठेवावेत, शक्य असेल तर राहत्या घरात न ठेवता, आणि त्या कुलपाची किल्ली रुग्णाला रोज दिसणाऱ्या खुंटीवर टांगू नये.